स्वतःचं स्वतः फ्रेंच: उत्साह कुठे आटतो आणि तिथे काय करायचं

घरबसल्या फ्रेंच शिकायला घेणाऱ्यांची सुरुवात बहुधा झकास होते. ॲप उतरवलं जातं, नवी वही येते, चार यूट्यूब चॅनल सबस्क्राइब होतात, कुणीतरी पाठवलेला पीडीएफचा गठ्ठा फोनमध्ये जाऊन बसतो. पहिले आठ दिवस घरात 'बोंझूर'चा जप चालतो. मग महिना-दीड महिन्यात सगळं थंडावतं आणि माणूस म्हणतो, आपल्यात चिकाटीच नाही. मला हे निदान पटत नाही. चिकाटी बऱ्याच जणांकडे असते, हातात साधन मात्र त्या टप्प्याचं नसतं. ज्या ॲपने पहिल्या महिन्यात मजा आणली तेच सहाव्या महिन्यात जांभया आणतं. आणि जे बातमीपत्र सहाव्या महिन्यात गोडी लावेल ते पहिल्या महिन्यात ऐकलं तर डोकं उठतं. घोडं कुठे कुठे अडतं त्या जागा बऱ्यापैकी ठरलेल्या आहेत, म्हणून त्याच क्रमाने जाऊ.

आधी कशासाठी ते ठरवा

'आवड म्हणून' हे उत्तर अगदी चालतं. फक्त ते जरा टोकदार करा. फ्रेंच सिनेमे सबटायटलशिवाय बघायचेत, की पाँडिचेरीला गेल्यावर जुन्या पाट्या वाचायच्यात, की मॉन्ट्रियलच्या भाचरांशी त्यांच्या शाळेतल्या भाषेत बोलायचंय? उत्तराप्रमाणे साधनं बदलतात.

कॅनडाच्या पीआरसाठी शिकत असाल तर गोष्ट वेगळी. २०२३ पासून तिथे एक्स्प्रेस एन्ट्रीत (पीआरसाठी उमेदवार निवडायच्या सरकारी पद्धतीत) फ्रेंच येणाऱ्यांची स्वतंत्र निवड होते आणि त्यासाठी ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही गोष्टींत त्यांच्या मोजपट्टीवर किमान सातवी पातळी लागते. ही साधारण बी२च्या (ए१ ते सी२ या सहा पातळ्यांतल्या चौथीच्या) आसपासची पातळी झाली, म्हणजे तीन महिन्यांचं काम नव्हे. त्यासाठी टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा द्यावी लागते आणि तो निकाल दोनच वर्षं चालतो, तेव्हा घाईने परीक्षा देऊन ठेवण्यात अर्थ नाही. नियम बदलत असतात. एजंटच्या तोंडी माहितीवर न जाता कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः बघा.

आणखी एक मोठा गट आपल्याकडे आहे: अकरावी-बारावीत 'स्कोअरिंग' म्हणून फ्रेंच घेतलेले. मार्क चांगले पडले, क्रियापदांचे तक्ते पाठ होते, आणि आज कुणी समोर बोललं तर एक वाक्य कळत नाही. अशांनी सगळंच पहिल्यापासून करू नये. तुमचा डोळा पुढे गेलेला असतो आणि कान मागे राहिलेला असतो. वाचनाला ए२ घ्या, ऐकायला ए१. हा तिरपेपणा काही महिने राहू द्या.

(ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ या युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीतल्या पातळ्या आहेत, ए१ सगळ्यात खालची आणि सी२ सगळ्यात वरची. बहुतेक पुस्तकं, ॲप आणि परीक्षा याच मापाने बोलतात.)

पहिले तीन आठवडे: कान आणि तोंड

इथे बहुतेक जण शब्द पाठ करायला धावतात. माझं मत उलट आहे. आधी आवाज बसवा, कारण फ्रेंच जशी लिहितात तशी वाचत नाहीत, आणि चुकीचा वाचलेला शब्द एकदा तोंडात बसला की निघता निघत नाही.

आनंदाची गोष्ट ही की काही बाबतीत आपण मराठी माणसं बरीच पुढून सुरुवात करतो. फ्रेंचमधले 'प', 'त', 'क' आपल्यासारखेच, हकाराची फुंकर न घालता म्हणायचे असतात. इंग्रज आणि अमेरिकन लोकांना यासाठी मेहनत घ्यावी लागते. त्यांचा 'त' आपल्या 'त'सारखा दातांना जीभ लावून, 'द' तसाच. आपली अडचण एवढीच की रोमन लिपी दिसली की सवयीने 'ट' आणि 'ड' तोंडात येतात. तेवढं मोडलं की अर्धं काम झालं.

अवघड काय? एक, 'तु' (म्हणजे तू) या शब्दातला स्वर: ओठ 'ऊ'चे ठेवायचे आणि आत जीभ 'ई'ची. आरशासमोर उभं राहून 'ई' म्हणत ओठ गोल करा, तो स्वर आपोआप निघतो. दोन, नाकातले स्वर. 'व्हॅं' म्हणजे वाइन, 'व्हाँ' म्हणजे वारा, 'व्हों' म्हणजे 'ते जातात'. तिन्ही वेगळे ऐकू यायला वेळ लागतो. ज्यांच्या घरी कोकणी बोलतात त्यांना हे सोपं जाईल, कारण कोकणीत नाकातले स्वर अजून धडधाकट आहेत. तीन, घशातला 'र'. त्याच्या मागे पहिल्या महिन्यात लागू नका, आपल्या 'र'नेही लोकांना कळतं.

शब्दाचा उच्चार कसा हे बघायला फॉर्वो हे संकेतस्थळ छान आहे. तिथे शब्द टाकला की खरी माणसं तो बोललेली ऐकू येतात. मी इथे फ्रेंच शब्द देवनागरीत लिहितोय तसं तुमच्या वहीत मात्र करू नका. वर सांगितलेल्या 'तु'च्या स्वराला आपल्याकडे अक्षर नाही, आणि देवनागरीत लिहिलेलं वाचायची सवय लागली की तो स्वर कायमचा हातचा जातो.

एक मुख्य साधन, बाकी दोन जोडीला

पीडीएफचा तो गठ्ठा उघडू नका. साधनं गोळा करण्यात अभ्यास केल्याचं समाधान मिळतं आणि तेच घातक आहे. एका वेळी तीन साधनं पुरेत.

मुख्य साधन म्हणजे क्रमाने जाणारा, सोबत ऑडिओ असलेला एकच अभ्यासक्रम. ते छापील पाठ्यपुस्तक असू शकतं किंवा टीव्ही५ मोंद या फ्रेंच वाहिनीचा मोफत शिकण्याचा विभाग. तिथे ए१ ते बी२ पर्यंतचे, व्हिडिओवर बेतलेले स्वाध्याय पातळीनुसार लावून ठेवले आहेत. कुठलं पुस्तक सर्वोत्तम यावर तासन् तास वाद घालणारे लोक भेटतील. ज्याची पानं तुम्हाला बघवतात ते घ्या आणि संपवा.

जोडीला एक साधन शब्दांसाठी. ड्युओलिंगो वाईट नाही. रोज फ्रेंचला हात लावायची सवय ते लावतं, आणि पहिल्या महिन्यात तेवढंच हवं असतं. पण पुढे पुढे माणूस फ्रेंच शिकायचं सोडून 'स्ट्रीक' (सलग किती दिवस ॲप उघडलं तो आकडा) सांभाळायला लागतो. रात्री पावणेबाराला डोळे मिटत असताना सगळ्यात सोपा धडा उरकून टाकणं हा अभ्यास नव्हे. तसं व्हायला लागलं की अँकी या शब्दकार्डांच्या ॲपकडे वळा. तुम्ही विसरायच्या बेतात असाल तेव्हा ते कार्ड पुन्हा समोर आणतं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. एक धोका लक्षात ठेवा: अँकी मुळात रोज २० नवी कार्डं देतं. तेवढी घेतली तर पंधरवड्यात उजळणीचा डोंगर होतो आणि लोक ॲपच काढून टाकतात. आकडा ८ वर आणा. कार्डावर नुसता शब्द न लिहिता 'अं' (पुल्लिंगी 'एक') किंवा 'यून' (स्त्रीलिंगी 'एक') लावून लिहा, म्हणजे लिंग आपोआप पाठ होतं, आणि खाली तो शब्द जिथे भेटला ते वाक्य.

तिसरं साधन निव्वळ मजेचं. एखादं गाणं, पाककृतीचा चॅनल, फुटबॉलचं समालोचन, काहीही. कळलं नाही तरी चालेल. दमलेल्या दिवशी फक्त हेच करा आणि तो दिवस भरला असं समजा.

पहिली अडचण: आकडे

हसू नका, सत्तरच्या पुढे गेल्यावर बरेच जण गळतात. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर-नव्वदला सुटसुटीत शब्द आहेत, पण फ्रान्समध्ये सुटका नाही. तरी ज्या माणसाने लहानपणी एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी बिनबोभाट पाठ केले त्याने याला घाबरावं हे काही बरोबर नाही.

उपाय रस्त्यावरच आहे. फ्रान्समध्ये फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात, दहा आकडे म्हणजे पाच जोड्या. आपलेही मोबाइल नंबर दहाच आकडी, तेव्हा स्वतःच्या नंबरापासून सुरुवात करा. मग सिग्नलला थांबलात की समोरच्या गाडीची नंबरप्लेट वाचा. ७२९७ दिसलं की 'स्वासाँत-दूझ, कात्र-व्हॅं-दीसेत'. पुण्यात असाल तर सरावाला गाड्या कमी पडणार नाहीत.

दुसरी अडचण: भूतकाळ

साधारण ए१ संपता संपता भूतकाळ येतो. काही क्रियापदांना एक सहायक, काहींना दुसरं, आणि शेवटी लिंगवचनाप्रमाणे बदल. इंग्रजीतून शिकवणारे व्हिडिओ इथे फार घाबरवतात, कारण इंग्रजीत असलं काही नाही. तुम्ही मराठीतून विचार करा.

'तो गेला, ती गेली' यात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्येही जाणं, येणं, निघणं अशा क्रियापदांचं तसंच होतं. आणि 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली' यात मी तोच, पण क्रियापद कर्माच्या मागे गेलं. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणून नाक मुरडलं होतं. फ्रेंचमध्ये हे फक्त कर्म आधी आल्यावर होतं: 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना 'ला लेत्र क झे एक्रित', शेवटचा 'त' चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून ऐकू येतो. नियम आपल्यापेक्षा अरुंद आहे, पण अनोळखी नाही. या टप्प्याला इंग्रजी व्हिडिओ बाजूला ठेवून दहा-बारा वाक्यं मराठी आणि फ्रेंच अशी समोरासमोर लिहून काढा. विशेषणांचंही तेच. चांगला-चांगली करायची सवय आपल्याला जन्मापासून आहे, आणि लिंगं तीनऐवजी दोनच.

रोजची दहा मिनिटं, जरा जवळून

ए२च्या सुमाराला एक साधन आणा ज्यावर माझा सर्वाधिक भरवसा आहे: आरएफआय या फ्रेंच आंतरराष्ट्रीय रेडिओचं 'झुर्नाल आँ फ्राँसे फासिल'. दहा मिनिटांचं बातमीपत्र, जरा सोप्या भाषेत, मध्येच अवघड शब्द उलगडून सांगतात, आणि संकेतस्थळावर सगळा मजकूर लिहिलेला मिळतो. फुकट.

पूर्ण दहा मिनिटं रोज ऐकायचा पण करू नका, तो मोडतो. एकच बातमी घ्या. पहिल्यांदा कागद न बघता ऐका आणि जे कानावर पडलं ते टिपा: देशांची नावं, आकडे, एखादा ओळखीचा शब्द. पाच शब्द मिळाले तरी बास. मग मजकूर उघडून ऐका. इथे गंमत होते. जे कळलं नव्हतं त्यातलं बरंच तुम्हाला येत होतं, फक्त जोडून बोललेलं ओळखू आलं नाही. अमेरिकेचंच बघा. कागदावर तीन सुटे शब्द, 'ले', 'एता', 'युनी', आणि शब्दांच्या शेवटची अक्षरं एरवी मुकी. पण निवेदक म्हणतो 'लेझेताझ्युनी'. दोन ठिकाणी मुक्या अक्षरांना 'झ' होऊन वाचा फुटली आणि तिघांचा एक शब्द झाला. हे एकदा हेरलंत की पुढच्या बातमीत ते आपोआप ऐकू येतं. तिसऱ्यांदा निवेदकाबरोबर मोठ्याने म्हणा, अर्धं सुटलं तरी थांबू नका. दुसऱ्या दिवशी तीच बातमी कागदाशिवाय, आणि मग नवी.

लोकलमध्ये उभं राहून पहिलं आणि शेवटचं ऐकणं होतं. मजकूर घेऊन बसायचं काम घरी. मोठ्याने म्हणायचं कुठे ते तुमचं तुम्ही बघा. भांडी घासताना बरं जमतं.

तिसरी अडचण, आणि सगळ्यात लांब चालणारी

बी१ला पोहोचल्यावर प्रगती दिसेनाशी होते. पूर्वी आठवड्याला नवं काही यायचं, आता महिना गेला तरी आपण तिथेच आहोत असं वाटतं. पाठ्यपुस्तकातले प्रदूषण आणि मोबाइलचे फायदे-तोटे वाचून जीव कंटाळतो. माझ्या मते इथे पाठ्यपुस्तकाला दुय्यम करावं आणि ज्या विषयाची माहिती आपल्याला मराठीतून आधीच आहे त्या विषयावरचं फ्रेंच वाचावं. विषय ओळखीचा असला की अनोळखी शब्दाचा अंदाज बांधता येतो.

स्वयंपाकात रस असेल तर मार्मितों हे पाककृतींचं संकेतस्थळ उघडा. क्रेप घ्या: २५० ग्रॅम मैदा, चार अंडी, अर्धा लिटर दूध (तिकडे ते '५० सेंटिलिटर' असं लिहितात), चिमूटभर मीठ. कृतीत 'मेलाँझे' कालवा, 'आझुते' घाला, 'व्हेर्से' ओता, 'लेसे रपोझे' मुरू द्या. मैद्याचं धिरडंच ते, तेव्हा हाताला सगळं ठाऊक आहे, फक्त शब्द नवे. २ फेब्रुवारीला फ्रान्समध्ये घरोघरी क्रेप करतात, त्या दिवशी करून बघा. भुकेल्या माणसाला क्रियापदं लवकर पाठ होतात.

इतिहासाचं वेड असेल तर फ्रेंच विकिपीडियावर बन्वा द ब्वान्य शोधा. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा हा सेनानी, १७९० मध्ये पाटण आणि मेडत्याच्या लढाया लढलेला, सॅव्हॉयमधल्या शांबेरीचा. १७५१ मध्ये तिथे जन्मला, हिंदुस्थानात पैसा कमावून परत गेला आणि १८३० मध्ये तिथेच वारला. त्याच्या स्मरणार्थ १८३८ मध्ये शांबेरीत चार हत्तींचं कारंजं उभारलं. त्यात हत्तींचा फक्त पुढचा भाग आहे, म्हणून गावकरी त्यांना 'बिनढुंगणाचे चार' म्हणतात. पाठ्यपुस्तकात असला मजकूर भेटणार नाही. मूळ लेख जड वाटला तर विकिडिया हा मुलांसाठीचा फ्रेंच ज्ञानकोश आहे, वाक्यं छोटी असतात. एखादं ओळखीचं शहर, प्राणी, ग्रह घ्या.

मालिका बघताना फ्रेंच आवाज आणि फ्रेंचच सबटायटल ठेवा. इंग्रजी सबटायटल लावलं की कान रजेवर जातो. मालिका मुळात फ्रेंच असावी, कारण डब केलेल्या मालिकेत बोललेलं आणि खाली लिहिलेलं बऱ्याचदा जुळत नाही.

बोलायचं कुणाशी?

सुरुवातीला स्वतःशी. दिवसभरात काय केलं ते एक मिनिट बोलून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. महिन्याभराने जुनं ऐकलं की प्रगती कानाला कळते, ॲपच्या गुणांपेक्षा खरी.

मग माणसं शोधा. टँडेम किंवा हॅलोटॉकवर भाषेच्या बदल्यात भाषा शिकवणारे भेटतात, थोडे पैसे देता आले तर ऑनलाइन शिक्षक महिन्यातून दोनदा पुरेत. मुंबई-पुण्यात असाल तर आलियाँस फ्रान्सेजमध्ये एकदा जाऊन या. पॅरिसमध्ये १८८३ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या शाखा जगभर आहेत. वर्ग लावायचा नसला तरी सभासदत्व घेतलं की ग्रंथालय आणि कुल्ट्युरथेक हे डिजिटल ग्रंथालय वापरता येतं. बाहेरगावी राहणाऱ्यांना त्याचा जास्त उपयोग.

परीक्षेची तारीख

परीक्षेशिवायही भाषा येते. पण ज्यांचं काम तारीख असल्याशिवाय हलत नाही (आपल्यातले बहुतेक) त्यांनी डेल्फ ए१ला नाव घालावं. चार भाग, प्रत्येकी २५ गुण, एकूण १०० पैकी ५० हवेत आणि कुठल्याही भागात ५ पेक्षा कमी नकोत. प्रमाणपत्राला मुदत नसते. नमुना प्रश्नपत्रिका फ्राँस एद्युकासियों अँतेरनासियोनाल या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. आधी एक सोडवा आणि मगच फी भरा. रोज अर्धा-पाऊण तास देणाऱ्याला, माझ्या अंदाजाने, शून्यापासून इथवर यायला चार ते सहा महिने लागतात.

खंड पडल्यावर

गणपती येतात, घरात लग्न निघतं, ऑफिसात मार्चअखेर असते. तीन-चार आठवडे वहीला हात लागत नाही. तेव्हा सगळ्यांना एकच सुचतं: पुन्हा पहिल्या धड्यापासून, यावेळी नीट. हे करू नका. पहिले दहा धडे चार वेळा झालेले आणि अकरावा कधीच न बघितलेला, असे खूप जण मी पाहिलेत.

पहिल्या संध्याकाळी पूर्वी ऐकलेली एखादी बातमी पुन्हा ऐका. दुसऱ्या संध्याकाळी आधी वाचलेला मजकूर मोठ्याने वाचा. तिसऱ्या दिवशी जिथे थांबला होतात त्याच्या दोन धडे मागे जाऊन सुरू करा. अँकीत शेकडो कार्डं साचलेली असतील. नव्या कार्डांचा आकडा शून्य करा, उजळणीची मर्यादा रोज ४० ठेवा आणि साचलेलं संपेपर्यंत नवा शब्द घेऊ नका.